टाकीतल्या पेट्रोलची परीक्षा

मोटारींची शर्यत तुम्ही दूरचित्रवाणीवर पाहिलीच असेल. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा हलतो, पहिली गाडी रेषा ओलांडते आणि शर्यत संपली असे आपण समजतो. पण अमेरिकेतील एखाद्या हौशी शर्यतीला गेलात, तर पुढचे दृश्य पाहण्यासाठी थोडे थांबा. पहिल्या आलेल्या दोन-चार गाड्यांना एका राखून ठेवलेल्या आवारात उभे करतात. तेथे कोणालाही गाडीला हात लावू देत नाहीत. मग केव्हा केव्हा एक तपासनीस काचेची बाटली घेऊन येतो, गाडीच्या इंधननळीतून थोडेसे पेट्रोल काढून घेतो आणि टेबलाकडे निघून जातो. चालक शिरस्त्राण काखोटीला मारून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहतो. बाटलीतल्या पेट्रोलची परीक्षा होईपर्यंत त्याचा पहिला क्रमांक हा नुसता तोंडी असतो!

हे चालक काही धंदेवाईक नसतात. आठवडाभर कोणी दात काढतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी गॅरेज चालवतो. शनिवार-रविवारी आपापली गाडी घेऊन ते मैदानावर जमतात. अशा शर्यती भरवणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही एक. ती १९४४ मध्ये स्थापन झाली. तिच्या जाडजूड नियमपुस्तकात टायर, ब्रेक, पट्टे यांबरोबर इंधनाचेही एक प्रकरण आहे. टाकीत काय असावे, काय असू नये आणि ते कसे तपासावे, हे सारे त्यात सांगितले आहे.

तुम्ही विचाराल, पेट्रोल ते पेट्रोल. त्याची एवढी चौकशी कशाला?

याचे उत्तर पेट्रोलमध्ये नाही. ते हवेत आहे! मोटारीचे इंजिन पेट्रोल खाते असे आपण म्हणतो. पण खरे पाहिले तर ते मुख्यतः हवा खाते. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आता १६०० घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ४०० घन सेंटिमीटर जागा आली. दट्ट्या खाली सरकला की एवढी हवा आत येते. एक लिटर हवेचे वजन अवघे १.२ ग्रॅम असते, म्हणजे सिलिंडरमध्ये आलेली हवा झाली जेमतेम अर्धा ग्रॅम. तिला पुरेल इतके पेट्रोल किती? हिशेब करून पाहा. ते ०.०३३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक थेंब भरते. मिनिटाला ६००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात असा एक थेंब प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा जळतो.

आता एखादा हुशार गडी म्हणेल, ‘मी दर वेळी दोन थेंब सोडतो, म्हणजे शक्ती दुप्पट होईल.’ तसे होत नाही. दुसऱ्या थेंबाला जळायला ऑक्सिजनच उरलेला नसतो. तो तसाच धुरातून बाहेर पडतो. म्हणजे इंजिनाची शक्ती ठरते ती त्यात किती हवा मावते त्यावर. म्हणूनच शर्यतीत गाड्यांचे गट पाडताना इंजिनाचे घन सेंटिमीटर आधी बघतात. १६०० च्या गाडीने १६०० च्या गाडीशीच झुंजायचे, मग चालकाच्या हातात किती कसब आहे ते कळते.

पण समजा, हवेची वाट न बघता इंधनानेच आपल्याबरोबर ऑक्सिजन आणला तर? पाहुण्यांनी येतानाच आपापला डबा आणावा, तशातला हा प्रकार. पेट्रोलच्या रेणूत नुसते कार्बन आणि हायड्रोजन. ऑक्सिजन नाही. पण नायट्रोमिथेन नावाचा एक द्रव आहे. त्याच्या वजनातला निम्म्याहून थोडा अधिक भाग ऑक्सिजनचाच असतो. त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमला केवळ १.७ ग्रॅम हवा पुरते. एक ग्रॅम नायट्रोमिथेनपासून मिळणारी उष्णता खरे तर पेट्रोलच्या मानाने फारच थोडी. पेट्रोलची ४४ किलोजूल, तर याची फक्त ११.३. पण फसू नका. हिशेब इंधनाच्या ग्रॅमवर करायचा नाही, हवेच्या ग्रॅमवर करायचा. १४.७ ग्रॅम हवेत पेट्रोल जळेल एक ग्रॅम आणि उष्णता मिळेल ४४ किलोजूल. तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन जळेल ८.६ ग्रॅमच्या वर आणि उष्णता मिळेल जवळजवळ ९८ किलोजूल, म्हणजे सव्वादोनपट! १६०० घन सेंटिमीटरचे इंजिन कोणी मोजले तर ते १६०० च भरेल. पण ते पळेल दुपटीहून मोठ्या इंजिनासारखे. सरळ रेषेत पाव मैल धावणाऱ्या काही खास गाड्यांना नायट्रोमिथेन उघडपणे वापरू देतात. तेथे सगळेच ते वापरतात, त्यामुळे तक्रार नसते. तक्रार असते ती गुपचूप मिसळण्याबद्दल.

मिथेनॉल, म्हणजे लाकडी अल्कोहोल, याची गोष्ट थोडी निराळी. वरच्यासारखा हिशेब केला तर मिथेनॉलची उष्णता भरते सुमारे ४५ किलोजूल. पेट्रोलपेक्षा नावालाच जास्त. मग शर्यतवाल्यांना त्याची एवढी ओढ का? हातावर स्पिरिट लावले की गार वाटते, ते आठवा. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. एक ग्रॅम मिथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या तिपटीने उष्णता लागते, आणि ते घालायचेही दुपटीहून जास्त असते. परिणामी आत येणारी हवा चांगली थंड होते. थंड हवा दाट असते, म्हणून तेवढ्याच जागेत ती जास्त मावते. शिवाय पेट्रोलपेक्षा जास्त दाबले तरी मिथेनॉल सहजासहजी अवेळी पेट घेत नाही, त्यामुळे इंजिनात दाब वाढवता येतो.

येथपर्यंत वाचून वाटेल, की इंधनाचा नियम हा केवळ लबाडी रोखण्यासाठी आहे. तसे असते तर तो एवढा महत्त्वाचा ठरला नसता. त्याची दुसरी बाजू आगीची आहे.

३० मे १९६४ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. ती धंदेवाईक चालकांची. त्या काळी तेथे काही गाड्या पेट्रोलवर, तर काही मिथेनॉलवर धावत. दुसऱ्याच फेरीत डेव्ह मॅकडोनाल्ड यांची गाडी भिंतीवर आदळून पेटली आणि रस्त्यावर परत आली. मागून येणाऱ्या एडी सॅक्स यांना ती चुकवता आली नाही. पेट्रोलची आग भडकली आणि त्या अपघातात दोघांचाही मृत्यू झाला. काळ्या धुराचा प्रचंड लोळ उठला होता. पुढल्या वर्षापासून तेथून पेट्रोल जवळजवळ हद्दपार झाले आणि मिथेनॉल आले. मिथेनॉल पेट्रोलइतके सहज पेटत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, मिथेनॉलची साधारण ११ अंशांवर. आणि मिथेनॉल पाण्यात विरघळते, म्हणून ते पाण्याने विझवता येते. पेट्रोल मात्र पाण्यावर तरंगत जळतच राहते.

म्हणजे मिथेनॉल चांगले, असेच ना? थांबा. १९८१ मध्ये त्याच शर्यतीत रिक मिअर्स यांच्या गाडीत इंधन भरताना ते बाहेर उडाले आणि पेटले. मिअर्स जिवाच्या आकांताने हातवारे करू लागले, तरी प्रेक्षकांना कळेना की यांना झाले आहे काय! कारण मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसतच नाही. पेट्रोलच्या ज्योतीचा पिवळा रंग हा तापलेल्या काजळीच्या कणांचा असतो. मिथेनॉल काजळीच करत नाही. त्याची फिकट निळी ज्योत उन्हात हरवून जाते. शेवटी मिअर्स यांच्या वडिलांनी आग विझवण्याचे नळकांडे त्यांच्यावर रिकामे केले. मिअर्स वाचले, चेहरा मात्र भाजला.

आता हौशी शर्यतीच्या मैदानाची कल्पना करा. तेथे आग विझवायला उभी असलेली माणसे बहुधा स्वयंसेवक. गाडीत पेट्रोल आहे असे धरून ती उभी असतात. पिवळी ज्योत दिसली की धावायचे, हे त्यांना शिकवलेले. अशा वेळी एखाद्याने टाकीत चोरून भलतेच इंधन भरले असेल, तर तो केवळ मागच्या गाडीला फसवत नाही. आपल्याला वाचवायला येणाऱ्यालाही फसवतो. शिवाय विषाचा प्रश्न असतोच. मिथेनॉल पोटात गेले तर माणूस आंधळा होतो, मरतो. ते कातडीतूनही शरीरात शिरते. शक्ती वाढवण्यासाठी शर्यतवाल्यांनी मिसळून पाहिलेली आणखी काही द्रव्ये, उदाहरणार्थ प्रॉपिलीन ऑक्साइड, कर्करोगाला कारण ठरू शकतात. त्यांची वाफ चालकापेक्षा जास्त हुंगतो तो इंधन भरणारा मित्र.

इंधन भरण्याचेही म्हणून कडक नियम असतात. इंजिन बंद हवे, भरणाऱ्याच्या अंगावर आगीला दाद न देणारे कपडे हवेत, शेजारी एकाने आग विझवण्याचे नळकांडे रोखून उभे राहायला हवे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि जमिनीलगत दूरवर सरकत जाते, हे कळले की या नियमांचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

चला, आता तपासनिसाच्या टेबलाशी जाऊ. तेथे एक छोटे यंत्र असते, डब्याएवढे. त्याला वायरने जोडलेली एक धातूची कांडी. कांडी पेट्रोलमध्ये बुडवायची आणि आकडा वाचायचा. झाले! काही सेकंदांचे काम. हे कसे घडते?

धातूचे दोन पत्रे एकमेकांना न चिकटवता समोरासमोर ठेवले, तर त्यांवर विद्युत् भार साठवता येतो. अशा जोडीला धारित्र म्हणतात. पत्र्यांमध्ये नुसती हवा असेल तर भार थोडा साठतो. मध्ये दुसरा पदार्थ भरला तर जास्त साठतो. किती पट जास्त, हे सांगणाऱ्या आकड्याला विद्युत् अपारक स्थिरांक असे भारदस्त नाव आहे. नावाला घाबरू नका; तो केवळ ‘किती पट’ एवढेच सांगतो. पेट्रोलचा स्थिरांक सुमारे २. इथेनॉलचा, म्हणजे साध्या अल्कोहोलचा, सुमारे २४. मिथेनॉलचा ३३, नायट्रोमिथेनचा ३६ च्या आसपास आणि पाण्याचा ८०.

एवढा फरक का? अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजनचा अणू शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे रेणूचे एक टोक किंचित ऋण आणि दुसरे किंचित धन होते. पत्र्यांवर विद्युत् दाब दिला, की हे रेणू वळू लागतात. जत्रेत पालखी आली की सगळ्यांची तोंडे तिकडे वळतात ना, तसे. या वळण्यामुळे पत्र्यांवर आणखी भार साठायला वाव मिळतो. पेट्रोलच्या रेणूंना मात्र अशी धन-ऋण टोके जवळजवळ नसतातच. पालखी आली काय, गेली काय, ते आपले ढिम्म! म्हणून पेट्रोलमध्ये शेकडा चार-पाच भाग अल्कोहोल मिसळले तरी यंत्रावरचा आकडा सरकतो. आधी यंत्राचा शून्य ठरवून घेतात, तो सायक्लोहेक्झेन या शुद्ध द्रवात कांडी बुडवून. त्याचा स्थिरांक २.०२, पेट्रोलच्या अगदी लगतचा. मात्र तापमान बदलले की आकडाही बदलतो. उन्हात तापलेल्या टाकीतले पेट्रोल आणि सावलीतले सायक्लोहेक्झेन यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. म्हणून चांगला तपासनीस दोन्ही बाटल्या आधी सारख्या तापमानाला आणतो.

यंत्र आले, तसे यंत्राला चकवणारेही आले. त्यांनी शोधले डायॉक्सेन. याचा रेणू सहा अणूंच्या कड्यासारखा असतो. त्यात चार कार्बन आणि दोन ऑक्सिजन, आणि हे दोन ऑक्सिजन कड्यात अगदी समोरासमोर. दोघेही इलेक्ट्रॉन ओढतात, पण विरुद्ध दिशांना. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की दोर जागचा हलत नाही, तसेच येथे घडते. रेणूला धन-ऋण टोकेच उरत नाहीत. डायॉक्सेनचा स्थिरांक भरतो फक्त २.२! वजनातला एक तृतीयांशाहून जास्त भाग ऑक्सिजनचा, तरी कांडीला त्याचा पत्ता लागत नाही. रसायनशास्त्राचा असा उपयोग करणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक करावे की कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. कारण डायॉक्सेनमुळे कर्करोग होण्याची शक्यता आहे, आणि मैदानावर ते हाताळले जाते उघड्या कॅनमधून.

पण निसर्गात एक खूण लपवली तर दुसरी उघडी पडते. डायॉक्सेनचे दोन ऑक्सिजन बाहेरून एकमेकांना निष्प्रभ करत असले, तरी पाण्याच्या रेणूंशी प्रत्येकजण आपली दोस्ती जमवतोच. म्हणून डायॉक्सेन पाण्यात हवे तितके मिसळते. पेट्रोल मिसळत नाही. तेव्हा तपासनीस एका उभ्या मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इंधन घेतो, तोंड बंद करून हलवतो आणि स्थिर होऊ देतो. पेट्रोल वर, पाणी खाली आणि मधली रेषा बरोबर ५० वर आली, तर ठीक. इंधनात पाण्याशी दोस्ती असलेले काही असेल, तर त्याचा काही भाग खाली उतरतो, पाण्याचा थर फुगतो आणि रेषा वर चढते. या चाचणीला ना वीज लागते ना यंत्र. डायॉक्सेनची आणखी एक चहाडी त्याचे वजन करते. पेट्रोलचे एक लिटर भरते सुमारे पाऊण किलो. डायॉक्सेनचे एक किलोहून थोडे जास्त. म्हणजे तरंगकाटा, ज्याने दुधातले पाणी शोधतात त्याच जातीचा, तोही कामाला येतो. आपल्याकडील पेट्रोल पंपावर घनतेचा आकडा लिहिलेला असतो आणि ग्राहकाने मागितल्यास असाच काटा बुडवून दाखवतात. तेथे संशय असतो तो रॉकेलसारख्या स्वस्त भेसळीचा.

(पाण्याच्या चाचणीची कल्पना घरी घ्यायची असेल, तर खाण्याचे तेल आणि रंगीत पाणी सारखे सारखे बाटलीत घ्या, रेषेवर खूण करा, हलवा आणि अर्ध्या तासाने पाहा. पेट्रोल मात्र घरी मुळीच हाताळू नका. वाफेबद्दल वर वाचलेच आहे.)

अलीकडे तपासनिसांपुढे वेगळाच पेच आला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्येच आता इथेनॉल असते! अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये ते १० टक्क्यांपर्यंत असते. आपल्या देशात २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. त्यातले काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येते, म्हणजे ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा धागा थेट मोटारीच्या टाकीपर्यंत पोहोचला. पण कांडीला हे कसे कळावे, की टाकीतले इथेनॉल पंपावरून आले आहे की लबाडाच्या बाटलीतून? रेणूवर काही शिक्का नसतो. म्हणून नियमात ‘एवढ्या आकड्यापर्यंत चालेल’ अशी मर्यादा घालावी लागते. ती कडक ठेवली तर साधे पेट्रोल भरणाराही अडकतो, सैल ठेवली तर चोराला वाट मिळते. काही शर्यतींनी यावर सोपा तोडगा काढला. सर्वांनी मैदानावरच्या एकाच पंपातून इंधन घ्यायचे. मग आकडा किती यावर वादच नाही. पंपाच्या नमुन्याशी गाडीचा नमुना जुळला पाहिजे, एवढेच. यात पैसे थोडे जास्त पडतात आणि कुरकुरही होते. पण मला तरी हाच मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो.

कारण कांडीचा एक दोष लक्षात ठेवायला हवा. ती ‘वेगळे आहे’ एवढेच सांगते. काय आहे, कोणी घातले, जाणूनबुजून की चुकून, हे ती सांगत नाही. समजा, एखाद्याने मित्राचा कॅन उसना आणला आणि त्याच्या तळाशी मिथेनॉल उरले होते. किंवा रात्री पाऊस पडला आणि पाणी शिरले. पाण्याचा स्थिरांक ८०. थोडेसे पाणी मिसळले तरी आकडा उसळी घेणार. माणूस प्रामाणिक, पण नियम त्याच्या मनात डोकावत नाही. टाकीत काय आहे याची जबाबदारी चालकाची. म्हणून जुने जाणते खेळाडू कॅन कोणाला देत नाहीत, कोणाचा घेत नाहीत आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी आपणच नमुना तपासून घेतात.

तरीही वाद उरलाच, तर नमुन्याची सीलबंद बाटली प्रयोगशाळेत जाते. तेथे वायू वर्णलेखन या पद्धतीने तिचा छडा लावतात. इंधनाचा एक बारीकसा थेंब तापवून त्याची वाफ करतात आणि ती एका केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब, वेटोळे घातलेल्या नळीतून पुढे ढकलतात. नळीच्या आतल्या लेपाला काही रेणू जास्त चिकटतात, काही कमी. जे कमी चिकटतात ते आधी बाहेर पडतात, जास्त चिकटणारे मागाहून. प्रत्येक पदार्थ आपल्या ठरलेल्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि कागदावर एक शिखर उमटवतो. पेट्रोलमध्ये शेकडो पदार्थ असतात, म्हणून कागदावर सह्याद्रीच्या रांगेसारखी शिखरेच शिखरे दिसतात. पंपाच्या नमुन्याची रांग आणि गाडीच्या नमुन्याची रांग एकावर एक ठेवायची. एखादे शिखर जास्तीचे दिसले, तर कोणत्या मिनिटाला उमटले ते पाहून त्याचे नाव काढता येते. तोवर मैदानावर सगळे आपापल्या गाड्या ट्रेलरवर चढवून घरी गेलेले असतात, आणि पहिल्या क्रमांकाचा चषक कोणाच्या घरी राहायचा, हे पत्राने कळते.